संगणक ‘सुरू झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर पत्त्याच्या पानाएवढा एक छोटा संगणक आहे. दर मिनिटाला हवेचे तापमान मोजून नोंदवायचे, एवढेच त्याचे काम. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. एका जून महिन्यात आमच्या एका विद्यार्थिनीने त्या नोंदींचा आलेख काढला आणि ती गोंधळून आमच्याकडे आली. पहाटे २ वाजून १८ मिनिटांपासून २ वाजून २९ मिनिटांपर्यंत प्रत्येक मिनिटासमोर दोन-दोन तापमाने होती. एक २७ अंशांच्या आसपास, दुसरे २४ अंशांच्या आसपास. एकाच जागी, एकाच मिनिटाला दोन तापमाने कशी असतील?

तापमापक तपासला, तो ठीक होता. संगणकाला ‘तुझ्या सगळ्या सेवा नीट चालू आहेत ना?’ असे विचारले. उत्तर आले, सगळ्या चालू आहेत, एकही बंद पडलेली नाही. म्हणजे दोष कुठेच नव्हता, पण नोंदी मात्र चुकीच्या होत्या.

हे कोडे सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले. उत्तर एका साध्या प्रश्नात दडलेले होते: संगणक ‘सुरू झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय झालेले असते? या प्रश्नाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू आणि मग आमच्या गच्चीवर परत येऊ.

स्वतःलाच उचलायचे कसे?

संगणक आज्ञावलीशिवाय काहीच करू शकत नाही. आज्ञावली तबकडीवर किंवा फितीवर साठवलेली असते. तिथून ती स्मृतीत आणायची, तर ‘तिथून वाच आणि इथे ठेव’ असे सांगणारी आज्ञावली स्मृतीत आधीच हवी. ती कोण आणून ठेवणार? कुलूप उघडायची किल्ली कुलुपाच्या आत राहावी, तसा हा पेच आहे.

इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे. स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलणे, म्हणजे अशक्य ते करणे. या ‘बूटस्ट्रॅप’वरूनच संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ हे नाव पडले. अशक्य वाटणाऱ्या या गोष्टीवरचा तोडगा असा की अगदी थोडे काम बाहेरून करून द्यायचे आणि पुढचे त्या थोड्यातून वाढत जाऊ द्यायचे. आयबीएम कंपनीने १९५२ साली जाहीर केलेल्या ७०१ या संगणकावर त्यासाठी एक बटण होते. ते दाबले की यंत्र छिद्रित कार्डांवरचा, फितीवरचा किंवा चुंबकीय ढोलावरचा पहिला शब्द वाचून घेई. त्या पहिल्या शब्दात पुढचे वाचण्याची आज्ञा असे.

पुढे १९७०च्या दशकातल्या अनेक छोट्या संगणकांवर हे काम माणसाच्या बोटांनी होई. यंत्राच्या दर्शनी भागावर खटक्यांची ओळ असे. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. त्या खटक्यांनी एकेक आकडा स्मृतीत भरायचा. असे डझन-दीड डझन आकडे न चुकता भरले की तेवढी इवलीशी आज्ञावली छिद्रित कागदी फीत वाचू लागे. एक खटका चुकला की पहिल्यापासून सुरुवात! १९७५ साली अल्टेअर ८८०० या संगणकासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी बेसिक ही भाषा तयार केली. ती दाखवायला अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले, आणि ती फितीवरून वाचून घेणारी छोटी आज्ञावली लिहायची राहिली आहे हे त्यांना वाटेत आठवले. त्यांनी ती विमानातच कागदावर लिहून काढली. ती चालली नसती, तर बाकी सारे काम यंत्राबाहेरच राहिले असते.

आज हे पहिले पाऊल यंत्रातच कायमचे कोरलेले असते, त्यामुळे ते आपल्याला दिसत नाही. पण साखळी तीच आहे. एक छोटी आज्ञावली तिच्याहून मोठीला बोलावते आणि ती मोठी कार्यप्रणालीच्या गाभ्याला.

पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया

गाभा जागा झाला, पुढे काय? १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. तिच्या नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ‘इनिट’ नावाच्या आज्ञावलीचे पान सापडते. कल्पना साधी होती. गाभ्याने स्वतःहून एकच आज्ञावली चालवायची, तिला १ हा क्रमांक द्यायचा आणि बाकी सगळे तिच्यावर सोपवायचे. मग इनिटने जोडलेल्या प्रत्येक टंकयंत्रासाठी एकेक प्रक्रिया जन्माला घालायची आणि कोणी नाव सांगून आत येते का याची वाट पाहायची.

ही पहिली प्रक्रिया म्हणजे कुटुंबातली आजी आहे. युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेला जन्म देणारी दुसरी प्रक्रिया असते. जन्मदाती आधी संपली, तर पोरकी झालेली प्रक्रिया सहसा क्रमांक १च्या पदरात जाते. म्हणून ही आजी कधी मरून चालत नाही. ती मेली तर लिनक्सचा गाभा तिथेच सारे काम थांबवतो. सुरुवातीला ती सापडलीच नाही तर गाभा ठरलेल्या तीन-चार जागी तिला शोधतो, शेवटी आज्ञा घेणारा साधा कवच-कार्यक्रम तरी मिळतो का ते पाहतो, आणि तोही नसला तर हात टेकतो.

इनिटने नेमके काय काय करायचे, याची यादी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिण्याची प्रथा लवकरच पडली. तिचे नाव ‘आरसी’. ही दोन अक्षरे आली ‘रनकॉम’ या शब्दातून. एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात लुई पूझँ यांनी आज्ञांची यादी एकामागून एक चालवणारी एक सोय केली होती, तिचे हे नाव. साठ वर्षांपूर्वीच्या त्या नावाची अक्षरे आजही लिनक्सच्या कितीतरी फायलींच्या नावांत आढळतात.

यादीतला क्रम

एकच यादी सांभाळणे सोपे, पण सेवा वाढल्या की ती लांबते. छपाई, टपाल, जाळे, घड्याळ, प्रत्येकासाठी त्याच फायलीत हात घालावा लागतो. ए. टी. अँड टी. कंपनीच्या युनिक्समध्ये यावर तोडगा निघाला, आणि तिच्या १९८३ सालच्या ‘सिस्टीम फाइव्ह’ या आवृत्तीच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. प्रत्येक सेवेची स्वतंत्र फाइल करायची आणि तिच्या नावाआधी क्रमांक लावायचा. २० क्रमांकाची सेवा ३० क्रमांकाच्या आधी सुरू होणार. संगणकाच्या अवस्थाही ठरवून दिल्या. ० म्हणजे बंद, १ म्हणजे एकट्याने दुरुस्ती करण्यापुरता चालू, ६ म्हणजे पुन्हा सुरू.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. मीकेल व्हान स्मोरनबर्ग या डच प्रोग्रॅमरने सिस्टीम फाइव्हच्या धर्तीवर त्याच्यासाठी इनिट लिहिला. पुढची दीड-दोन दशके बहुतेक लिनक्स संगणक याच पद्धतीने सुरू होत.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. त्या समजायला पुरणपोळीचे उदाहरण घेऊ. डाळ शिजवणे, कट काढणे, गूळ घालून आटवणे, पुरण वाटणे, कणीक भिजवणे, पोळी लाटणे ही कामे १, २, ३ असे क्रमांक देऊन लिहिली, तर स्वयंपाक होईल. पण डाळ शिजत असताना कणीक भिजवता आली असती. ते न करता आपण शेगडीसमोर उभे राहिलो. क्रमांक आपल्याला ‘आधी कोण’ एवढेच सांगतात, ‘का आधी’ हे सांगत नाहीत. पुरण वाटण्याआधी डाळ शिजायलाच हवी, हे खरे बंधन आहे. कणीक डाळीनंतर भिजवायची, हा केवळ यादीचा योगायोग आहे. यादी वाचणाऱ्याला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून कोणी नवी सेवा मध्ये घातली की काहीतरी मोडे आणि का मोडले ते समजत नसे.

मग यादीऐवजी बंधनेच का लिहू नयेत? ‘पुरणाला शिजलेली डाळ हवी’, ‘लाटायला पुरण आणि कणीक दोन्ही हवे’, असे. त्यावरून चालणारा क्रम शोधून काढायची रीत आर्थर कान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली होती. ज्या कामाला कशाचीच वाट पाहायची नाही ते उचला, करा, त्याच्यावर अडलेल्या कामांवरचे ते बंधन पुसा, आणि पुन्हा तेच करा. एके क्षणी कामे उरली पण मोकळे एकही नाही असे झाले, तर बंधनांत चक्र आहे हे नक्की. सन २०००च्या अखेरीस नेटबीएसडी या युनिक्सच्या भाऊबंदाने आपल्या सुरुवातीच्या फायलींसाठी अशी बंधने आणली. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०११ साली तीच दिशा धरली.

टपालपेटी आधी, माणूस नंतर

तोवर यंत्रेही बदलली होती. खिशातली स्मृतिकांडी कधीही लावावी, कधीही काढावी. जाळे मध्येच यावे-जावे. ‘सुरुवात’ हा एकदाच घडणारा प्रसंग उरला नव्हता. अ‍ॅपलने २००५ साली ‘लाँच-डी’ आणला, उबुंटू या वितरणाने २००६ साली ‘अपस्टार्ट’ आणला. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग या प्रोग्रॅमरने पहिल्या प्रक्रियेचा नव्याने विचार मांडणारा लेख प्रसिद्ध केला आणि ‘सिस्टीम-डी’ जगापुढे आला.

त्यातली एक युक्ती मोठी मजेदार आहे. एका सेवेला दुसरीशी बोलायचे असते, म्हणून ती दुसरी सुरू होण्याची वाट पाहते. पण घरमालक गावाहून यायचा असला तरी पोस्टमन थांबतो का? दारावर टपालपेटी असली की पत्र टाकून तो पुढे जातो. तसेच सिस्टीम-डी आधी सगळ्यांच्या टपालपेट्या लावून टाकतो आणि मग सेवा एकदमच सुरू करतो. जी उशिरा जागी होईल, ती आपल्या पेटीतले निरोप तेव्हा वाचेल. ही कल्पना अगदी नवी नव्हती. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८६ साली हिचे एक रूप होते. नवीन होते ते तिच्यावर सगळी सुरुवात उभारणे.

दुसरी युक्ती पोरक्या प्रक्रियांसाठी. जुन्या पद्धतीत सेवा स्वतःच आपल्या जन्मदातीपासून मुद्दाम तुटून निघत आणि ‘माझा क्रमांक अमुक’ अशी चिठ्ठी एका फायलीत ठेवत. चिठ्ठी शिळी झाली की बंद करायचे होते एकाला आणि बंद पडले दुसरेच, असे प्रकार होत. २००८ सालच्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात प्रक्रियांना गटात बांधण्याची सोय आली. सिस्टीम-डीने प्रत्येक सेवेला असा एकेक गट दिला. आता नातवंडे कुठेही गेली तरी कुळाचे नाव पुसता येत नाही.

या बदलावर मोठा वाद झाला. एका आज्ञावलीने एकच काम नीट करावे, ही युनिक्सची शिकवण. इथे तर पहिल्या प्रक्रियेभोवती नोंदवही, घड्याळ, जाळे असा सारा संसार गोळा झाला होता. नोंदवहीही साध्या मजकुरात राहिली नाही, ती वाचायला वेगळी आज्ञा लागू लागली. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टीम-डीची निवड झाली. ज्यांना ते पटले नाही, त्यांनी ‘डेव्हुआन’ नावाचे वेगळे बिऱ्हाड थाटले. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटू या दोघांच्या नव्या आवृत्त्या सिस्टीम-डीवर सुरू होऊ लागल्या. आक्षेपांतले सगळेच पोकळ होते असे आम्हाला वाटत नाही. पण वाद होऊ शकला, कारण सगळे काम उघड्यावर होते, आणि न पटणाऱ्याला वेगळे होण्याची मुभा होती.

बिघाड शोधायचा कसा?

शाळेतल्या संगणकावर एखादी सेवा सुरू होत नसेल, तर सगळे पुसून नव्याने बसवण्याची घाई होते. त्याने संगणक चालतो, पण बिघाड कळत नाही आणि तो पुन्हा येतो. त्याऐवजी चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, कोण बंद पडले? सिस्टीम-डी बंद पडलेल्या सेवांची यादी देतो. दुसरा, ते स्वतः पडले की दुसऱ्यामुळे? पाच सेवा पडलेल्या दिसल्या तरी मूळ बहुधा एकच असते, आणि ते काळाच्या क्रमात सर्वांत आधीचे असते. तिसरा, ते पडताना काय म्हणाले? या वेळच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी पाहता येतात, आणि नोंदवही तबकडीवर ठेवायची सोय केलेली असेल तर मागच्या वेळच्याही. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, जागा उरली नाही, अशी कारणे तिथे शब्दांत लिहिलेली असतात. चौथा, ते पडले की नुसते अडकले? पडद्यावर काही न घडता संगणक दीड मिनिट थांबतो, तो अनुभव अनेकांना असेल. एखाद्या सेवेची वाट ९० सेकंद पाहायची आणि मग ती अयशस्वी धरायची, असा तिथे सर्वसाधारण नियम आहे. काढून ठेवलेल्या तबकडीचे नाव यादीत तसेच राहिले, तरी असे घडते.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘अमुक हवे’ आणि ‘अमुकनंतर’ ही सिस्टीम-डीत दोन वेगळी बंधने आहेत. पहिले लिहिले आणि दुसरे विसरले, तर दोन्ही सेवा एकाच वेळी धावत सुटतात. मग कधी चालते, कधी नाही. असा ‘कधी-कधी’चा बिघाड दिसला की आधी हे बंधन तपासावे.

पुन्हा गच्चीवर

आमच्या गच्चीवर मात्र या चार प्रश्नांनी काहीच सापडेना, कारण काही पडलेलेच नव्हते. मग आम्ही त्या रात्रीची नोंदवही ओळ न ओळ वाचली. मध्यरात्रीनंतर पावसाबरोबर वीज गेली होती. या छोट्या संगणकात वीज नसताना चालणारे घड्याळ नाही. तो दर तासाला वेळ फायलीत लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू झाला की तिथून पुढे मोजतो. शेवटची लिहिलेली वेळ होती २ वाजून १७ मिनिटे. वीज आली ४ वाजून १० मिनिटांनी. संगणक जागा झाला, त्याला वाटले २ वाजून १७ मिनिटेच झाली आहेत. तापमानाची सेवा लगेच सुरू झाली आणि इमानेइतबारे नोंदी करू लागली. जाळे सुरू होऊन खरी वेळ मिळायला बारा मिनिटे गेली. त्या बारा मिनिटांच्या नोंदी, पाऊस पडून गेल्यावरच्या थंड हवेच्या, जुन्या नोंदींवर जाऊन बसल्या.

घड्याळ लावणारी सेवा ‘सुरू’ होतीच. पण सुरू होणे म्हणजे काम झालेले असणे नव्हे. जाळ्याकडे वेळ मागायला ती बसली होती, एवढाच त्याचा अर्थ. मुलगा शाळेत आला आणि मुलाला समजले, यांत जेवढे अंतर, तेवढेच इथे.

नोंदी वाचल्या त्या एका योगायोगाने. नोंदवही प्रत्येक ओळीसोबत आणखी एक आकडा ठेवते, संगणक जागा झाल्यापासून किती काळ गेला तो. हा आकडा घड्याळ बदलले तरी उडी मारत नाही. त्यावरून घड्याळ १ तास ५३ मिनिटे मागे होते हे काढता आले. बारा नोंदींत तेवढे मिळवले आणि आलेख जुळला. खरी वेळ मिळेपर्यंत तापमानाची सेवा रोखून धरता येते, तशी सोय सिस्टीम-डीत आहे. पण मग जाळे आलेच नाही तर एकही नोंद होणार नाही. आम्ही ते केले नाही. संगणकाला बटण-सेलवर चालणारे घड्याळ जोडले, आणि प्रत्येक नोंदीसमोर ‘वेळ पडताळलेली आहे की नाही’ हे लिहू लागलो.

आमच्या मनाला लागून राहिले ते वेगळेच. त्या विद्यार्थिनीने आलेख काढला नसता, तर त्या नोंदी सरासरीत मिसळून गेल्या असत्या आणि आम्ही त्या खऱ्या मानल्या असत्या. त्याआधीच्या वर्षांतही वीज अनेकदा गेली होती. त्या जुन्या नोंदी आम्ही पुन्हा तपासायला घेतल्या आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी संगणक लागत नाही. सकाळी शाळा उघडण्यापासून पहिला तास सुरू होईपर्यंतची कामे मुलांना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहू द्या: फाटक उघडणे, वर्ग झाडणे, पाणी भरणे, घंटा, प्रार्थना, हजेरी. मग प्रत्येक चिठ्ठीसाठी विचारा, ‘हे होण्याआधी काय व्हायलाच हवे?’ उत्तराप्रमाणे फळ्यावर बाण काढा. कोणते बाण खरे बंधन आहेत आणि कोणते केवळ सवय, यावर मुले चांगली भांडतात. कानांच्या रीतीने क्रम लावा. दोन कामे एकाच वेळी कुठे करता येतील ते शोधा. मग मुद्दाम एक चक्र घाला. कार्यालयाची किल्ली कपाटात आणि कपाट कार्यालयात!

शेवटी एक प्रश्न विचारा: ‘शाळा सुरू झाली’ हे नेमके कधी म्हणायचे? फाटक उघडले तेव्हा, घंटा झाली तेव्हा, की शिकणे सुरू झाले तेव्हा? प्रत्येक उत्तरासोबत ‘तसे झाले हे कशावरून ओळखायचे?’ हेही विचारा.